लष्करी हालचालींवर लिहिताना या चुका टाळा

‘मॅनुव्हर’ हा शब्द मराठीत आणायचा झाला की बहुतेक जण ‘डावपेच’ लिहून पुढे जातात. वाक्य वाचायला बरं वाटतं, पण सैन्याने नेमकं काय केलं ते कळत नाही. मॅनुव्हर म्हणजे शत्रूपेक्षा फायद्याची जागा मिळवण्यासाठी केलेली हालचाल. त्यात वळसा घालणं आलं, पिछाडी गाठणं आलं, रसद तोडणं आणि हूल देणंही आलं. कधी कधी तर नुसत्या सरावालाही तोच शब्द वापरतात. या सगळ्याला पुरेल असा एकच मराठी शब्द शोधत बसू नका. आपल्याकडे प्रत्येक कृतीला वेगळा आणि नेमका शब्द आहे.

रणनीती, व्यूह आणि डावपेच एकच समजणे

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. युद्ध कशासाठी आणि कोणत्या मार्गाने जिंकायचं हे ठरवते ती रणनीती. प्रत्यक्ष झुंजीत वापरायच्या युक्त्या म्हणजे डावपेच. डाव आणि पेच हे दोन्ही कुस्तीतले शब्द आहेत, तिथे समोर प्रतिस्पर्धी उभा असतो. व्यूह म्हणजे सैन्याची मांडणी.

पालखेडची मोहीम पाहा. पहिल्या बाजीरावाने बुऱ्हाणपूर लुटणार अशी हूल उठवली आणि तो गुजरातेत उतरला. निजाम पुण्याच्या मुलखात शिरला तरी बाजीराव त्याला समोरासमोर भिडायला गेला नाही, उलट औरंगाबादच्या रोखाने वळला. औरंगाबाद वाचवायला निजाम घाईने निघाला, त्याचा जड तोफखाना मागे राहिला आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ त्याचं दाणापाणी तोडलं गेलं. मोठी लढाई न होताच मार्चमध्ये त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. यात निजामाला तोफखान्यापासून वेगळं पाडायचं ही रणनीती, बुऱ्हाणपूरची हूल हा डाव, आणि शत्रूला हवं तिथे खेचून नेणारी सगळी दौड म्हणजे खरा मॅनुव्हर. ‘बाजीरावाने डावपेच आखले’ एवढंच लिहिलं तर या मोहिमेतलं सगळं मोलाचं हरवतं. त्यापेक्षा ‘हुलकावण्या देत निजामाला ओढून नेलं’ असं लिहा.

व्यूहाबद्दल शंका आली तर अभिमन्यू आठवावा. चक्रव्यूह ही रचना होती. त्यात शिरणं ही हालचाल. आणि ‘व्यू’ दीर्घच लिहायचा.

‘मोर्चेबांधणी’ कुठेही वापरणे

मोर्चा म्हणजे मुळात तोफा-बंदुका लावून बसायची आडोशाची जागा. किल्ल्याला वेढा घालणारे असे मोर्चे बांधत. म्हणून ‘सैन्याने मोर्चेबांधणी करत वेगाने मुसंडी मारली’ हे वाक्य स्वतःलाच छेद देतं. निवडणुकीच्या बातमीत हा शब्द तयारी या अर्थाने रुळला आहे, तिथे तो खुशाल वापरावा.

‘बगल देणे’ आणि बगलेवर हल्ला

‘शत्रूला बगल दिली’ म्हणजे त्याला टाळलं. बाजूने हल्ला चढवला असं सांगायचं असेल तर ‘बगलेवर हल्ला केला’ किंवा ‘वळसा घालून बगल गाठली’ असं लिहावं लागेल. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिका आणि मित्रदेशांच्या फौजांनी पश्चिमेकडच्या वाळवंटातून मोठा वळसा घालून इराकी फौजांची बगल गाठली. तिथे ‘बगल दिली’ लिहिलं की अर्थ उलटतो.

माघार आणि पिछेहाट

माघार घेतली जाते, पिछेहाट होते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ठरवून मागे सरणं हा स्वतःच एक मॅनुव्हर असू शकतो. इसवी सनपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या लढाईत रोमशी लढणाऱ्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या फळीचा मधला भाग मागे सरकला, रोमन सैन्य त्या पोकळीत घुसलं आणि दोन्ही बाजूंनी वेढलं गेलं. त्याला पिछेहाट म्हणणं म्हणजे विजयाला पराभव म्हणण्यासारखं आहे.

‘युद्धाभ्यास’

हिंदीत ठीक, पण मराठीत अभ्यास म्हणजे अध्ययन. म्हणून युद्धसराव किंवा लष्करी सराव लिहा. भारत आणि अमेरिकेच्या लष्करांच्या संयुक्त सरावाचं नावच ‘युद्ध अभ्यास’ आहे, तेवढं मात्र बदलू नका. तसंच हिंदीतल्या ‘पैंतरा’ऐवजी आपला ‘पवित्रा’ आहे. पवित्रा घेतात किंवा बदलतात.

प्रत्येक युक्तीला ‘गनिमी कावा’

गनीम म्हणजे शत्रू. कावा म्हणजे डाव, पण घोड्याला रिंगणात फिरवणं असाही त्याचा जुना अर्थ आहे; झटकन वळणारं घोडदळ त्यातून डोळ्यांसमोर उभं राहतं. लहान, चपळ तुकड्यांनी छापे घालायचे, रसद मारायची आणि शत्रू सावरण्याआधी निसटायचं, ही ती पद्धत. रणगाड्यांच्या मोठ्या दलाने घातलेल्या वेढ्याला ती उपाधी लावू नये, तो वेढा कितीही हुशारीने घातलेला असो.

लिंगाच्या चुकाही पुष्कळ दिसतात. ‘सैन्याने कूच केले’, पण ‘आगेकूच केली’. आघाडीच्या तुकडीला ‘बिनी’ हा जुना शब्द आहे आणि तो स्त्रीलिंगी आहे.