स्टेशन ते घर: पावसाळ्यातला नकाशा कसा काढायचा

'स्टेशनपासून दहा मिनिटं' हे नवी मुंबईत घर बघायला गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ते कोरड्या दिवसाचं अंतर असतं. मुसळधार पाऊस आणि उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती एकाच वेळी आली की तेच अंतर किती होतं, हे मी पदवीच्या भूगोलाच्या मुलांना प्रकल्प म्हणून शोधायला लावते. शहराची वाढ, वाहतूक आणि पूर हे विषय पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात, पण राहणाऱ्याला ते एकदमच भोगावे लागतात. आपल्या सेक्टरचा असा नकाशा कुणालाही करता येतो.

सुरुवात जमिनीपासून करा. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली. त्याआधीची टोपोशीट (जमिनीचा तपशील दाखवणारा सर्वेक्षणाचा नकाशा) महाविद्यालयात किंवा ग्रंथालयात मिळाली तर खाजणं (खाडीकाठची खारी जमीन), मिठागरं, बांध आणि गावठाणं त्यात दिसतात. ट्रेसिंग पेपरवर ती गिरवून आजचे रस्ते वर ठेवा. जुन्या खाडीच्या फाट्यावरून रस्ता जातो तिथे लाल खूण करा.

मग नाले बघा. ऐरोली ते नेरुळ पट्ट्यात पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला ठाणे खाडी आणि मधून उत्तर-दक्षिण जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वे. डोंगरावरून आलेल्या पाण्याला या दोन्हींच्या खालूनच खाडी गाठावी लागते. म्हणून प्रत्येक मोरी, म्हणजे रस्त्याखालून किंवा रुळांखालून पाणी जाण्याची वाट, नकाशावर आली पाहिजे. ज्या रस्त्याने आणि रेल्वेने हे शहर वाढलं, पाण्याची वाटही त्यांच्याच खालून जाते, आणि माझ्या मते या भागाच्या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

उंचीच्या आकड्यांबाबत सावध राहा. फुकट मिळणारी एसआरटीएम या नासाच्या मोहिमेची उंची २००० साली अवकाशयानातून रडारने मोजलेली आहे. दाट वस्तीत तिच्यात इमारती आणि झाडांची उंचीही मिसळते, त्यामुळे एक-दोन मीटरच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. दुसरा घोळ भरतीचा. कोष्टकात ४.८ मीटर भरती दिसली की मुलं समुद्रसपाटीपासून ४.८ मीटर उंचीपर्यंतचा सगळा भाग पाण्याखाली रंगवतात. भरतीची उंची वेगळ्या पायापासून, साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, मोजतात आणि मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या पायाच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. ४.८ मधून २.५ वजा केले की उरतात २.३. तुलना या आकड्याशी करायची.

तेवढ्याने सखल भाग सुरक्षित ठरत नाही. नवी मुंबईत धारण तलाव आहेत. वाशीचा मिनी सीशोअर म्हणजे असाच एक तलाव. भरतीला खाडीकडची झडप बंद होते, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. तलावात गाळ साचून कांदळवन वाढलं असेल तर जागा कमी पडते. म्हणून पावसाची चोवीस तासांची बेरीज पुरत नाही, तो कोणत्या तासांत पडला ते हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली आणि त्यातला बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांतला होता. तासांची नोंद भरतीच्या वेळेशेजारी लिहा.

आता चालायला निघा. स्टेशनच्या सबवेपासून घरापर्यंत प्रत्येक उताराला थांबून तिथल्या दुकानदाराला, वॉचमनला, गावठाणातल्या जुन्या माणसांना विचारा. "काकू, पाणी कुठवर येतं?" असं विचारलं की "गुडघ्यापर्यंत" असं उत्तर येतं. कुणाच्या गुडघ्यापर्यंत, आणि उभं कुठे राहून, हेही विचारा. त्याच जागी टेप लावा आणि सेंटिमीटर लिहा. कंपाउंडच्या भिंतीवर गाळाची रेघ असेल तर तीही मोजा, पट्टी शेजारी धरून फोटो काढा. उधाण कधी, भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) कधी, शेतांच्या बांधाची उघाडी (पाणी सोडायची झडप) कुठे होती, हे आगरी-कोळी घरांतून जितकं नेमकं कळतं तितकं उपग्रहाच्या चित्रातून कळत नाही.

शेवटी स्टेशनपासून पंधरा मिनिटांत पोहोचता येणारा भाग दोनदा काढा. पहिल्यांदा कोरड्या दिवसाचा. दुसऱ्यांदा, घोट्याच्या वर पाणी असेल तिथे वेग निम्मा धरा आणि गुडघ्यापाशी रस्ता बंद समजा. मॅनहोल दिसत नसताना कुणीही तिथून चालू नये. दुसऱ्या नकाशातून जी घरं गळतात त्यांची यादी करा. तळमजल्यावर भाड्याने राहणारे, पहाटेच्या गाडीने कामाला जाणाऱ्या बाया, डायलिसिसला जाणारे आजोबा, हे त्यात कुठे आहेत ते लिहा.

ही यादी, फोटो आणि भरतीच्या वेळा एप्रिलमध्येच महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मे महिन्यात नालेसफाई सुरू असते, तेव्हा कोणती मोरी आधी मोकळी करायची हे त्या कागदावरून दाखवता येतं.