कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग करायचंय? मग एकदा इनस्क्रिप्ट शिकूनच घ्या

मोबाईलवर आपण सगळेच धडाधड मराठी लिहितो, पण कॉम्प्युटरसमोर बसलं की सोसायटीची नोटीस असो, बचत गटाचा अहवाल असो की तहसीलला द्यायचा अर्ज, गाडी अडते. मग कुणीतरी फोनवर टाइप करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करतो आणि तिथून कॉपी पेस्ट, नाहीतर सायबर कॅफेवाल्याला पानामागे पैसे देऊन काम उरकतो. याची काहीच गरज नाहीये, मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासून आहे, फुकट आहे, फक्त चालू करायचाय.

सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेजमध्ये जा, तिथे लँग्वेज अँड रीजन दिसेल (विंडोज १० मध्ये नुसतं लँग्वेज), ॲड अ लँग्वेज म्हणा आणि मराठी निवडा. हे करताना डिस्प्ले लँग्वेज मराठी करू का असं विचारणारी टिक असते ती काढून टाका, नाहीतर सगळे मेनू मराठीत होतील आणि आधीच इंग्रजी मेनूची सवय असलेला माणूस गोंधळेल. मराठी ॲड झालं की तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन कीबोर्ड कोणता आलाय ते बघा. नुसतं मराठी लिहिलेला म्हणजे इनस्क्रिप्ट, प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण असलेला, आणि मराठी फोनेटिक म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी करणारा, हा २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून आलाय. नको असलेला काढून टाका म्हणजे बदलताना भलताच येत नाही. मग विंडोज की दाबून धरून स्पेसबार मारला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

आता या दोघांतला कोणता? महिन्यातून चार ओळी लिहिणार असाल तर फोनेटिक घ्या, पाच मिनिटांत काम सुरू होतं. पण रोज पान दोन पानं लिहायची असतील, शिक्षक असाल, ग्रामपंचायतीत असाल, पत्रकार असाल, अनुवाद करत असाल तर माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे की इनस्क्रिप्टच शिका. फोनेटिकमध्ये प्रत्येक शब्दाचं आधी मनात इंग्रजी स्पेलिंग करावं लागतं, त आणि ट साठी वेगळी युक्ती, न आणि ण साठी वेगळी, आणि वर तो शब्द सुचवतो त्यातला बरोबर निवडायचा. इनस्क्रिप्टमध्ये जे अक्षर हवं त्याचं बटण दाबलं की विषय संपला. शिवाय हा भारत सरकारचा स्टँडर्ड लेआउट आहे, १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तो दिलेला आहे, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही बसलात तरी तोच सापडतो, आणि हिंदी, गुजराती, कन्नडलाही बटणांची जागा जवळपास तीच.

लेआउट बघून घाबरायला होतं पण त्यामागचा हिशोब सोपा आहे. डाव्या हाताला मुख्यतः काना, मात्रा, वेलांट्या, उजव्या हाताला व्यंजनं. डाव्या बाजूचं बटण शिफ्ट धरून दाबलं की मात्रेचा पूर्ण स्वर होतो, म्हणजे इंग्रजी E च्या बटणावर काना आणि शिफ्ट धरलं की आ. उजव्या बाजूला शिफ्टने बहुतेक ठिकाणी पुढचं जड अक्षर येतं, के वर क आणि शिफ्टने ख, आय वर ग आणि घ, पी वर ज आणि झ, एल वर त आणि थ. हे एवढं लक्षात आलं की पाठ करायचं निम्मं होतं. ळ साठी शिफ्ट आणि एन, ण साठी शिफ्ट आणि सी, श साठी शिफ्ट आणि एम, हे तीन मात्र आधीच बोटात बसवा कारण मराठीत ते सारखे लागतात.

जोडाक्षराला डी. डी वर हलंत म्हणजे पाय मोडायचं चिन्ह आहे, आणि सगळी जोडाक्षरं त्यानेच होतात, जसं बोलतो त्या क्रमाने. स्त्री लिहायचंय तर एम, डी, एल, डी, जे, आर. म्हणजे स, पाय मोड, त, पाय मोड, र, दीर्घ वेलांटी. अर्ज मधला रफार पण तसाच, आधी र मग डी मग ज, तो आपोआप वर जाऊन बसतो. टाइपरायटरवर शिकलेल्यांना एक सवय मोडावी लागते, ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी पण दाबायची अक्षराच्या नंतर, कि म्हणजे के मग एफ.

मराठीची खास अडचण म्हणजे दुसऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, ऱ्हास यातला तो कोयत्यासारखा र. साधा र घेऊन पाय मोडलात तर दुसर्या असा रफार पडतो आणि शब्द चुकतो. इथे शिफ्ट धरून जे (J) चं बटण दाबा, म्हणजे ऱ येईल, मग डी, मग य. काही टायपिंग टूल्स हाच आकार दुसऱ्या पद्धतीने करतात, साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात, म्हणून मोठ्या फाइलमध्ये दुसऱ्या शोधलं तर अर्धेच सापडतात. चारजणांनी मिळून लिहिलेला अहवाल असेल तर आधी फाइंड अँड रिप्लेसने एकच पद्धत करून घ्या. ॲ चंही असंच आहे, एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर अर्धचंद्र देऊन केलेलं वेगळं.

सरावासाठी टायपिंग ट्यूटर शोधत बसू नका, लेआउटचं चित्र प्रिंट काढून मॉनिटरच्या खाली चिकटवा, बटणांवर स्टिकर लावू नका कारण मग नजर कायम खालीच राहते. रोज अर्धा तास पेपरमधली एखादी बातमी उतरवा. पहिले काही दिवस राग येईल इतकं हळू होतं, ते होऊ द्या आणि मध्येच फोनेटिककडे पळू नका.

फॉन्टचं थोडक्यात. निर्मला विंडोजसोबत येतो, कामाला ठीक आहे. छापायचं असेल तर मुक्त (Mukta) किंवा तिरो देवनागरी मराठी गूगल फॉन्ट्सवरून उतरवा, तिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात, हिंदी वळणाचे नाहीत, आणि पुस्तिका वगैरे काढताना हा फरक डोळ्यांना खरंच सुखावतो.

आता ऑफिसात पडलेल्या जुन्या फाइली. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दिसायला मराठी असतो पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. ओळखायला सोपं आहे, दोन ओळी सिलेक्ट करून फॉन्ट एरियल करा, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर फाइल जुनी, मराठीच राहिली तर युनिकोड, म्हणजे आताची, फॉन्ट बदलला तरी अक्षरं तीच राहणारी पद्धत. जुनी असेल तर त्या त्या फॉन्टचं कन्व्हर्टर वापरावं लागतं, आणि एकाच नावाच्या फॉन्टच्याही वेगवेगळ्या आवृत्त्या असतात म्हणून आधी एक पान करून बघा मगच सगळी फाइल टाका. नंतर मुद्रितशोधन करावंच लागतं, विशेषतः रफार, ऱ्हस्व वेलांटी, क्ष, ज्ञ आणि आकडे नीट तपासा, नावं आणि रकमा असलेली यादी असेल तर दोघांनी मिळून, एकाने मूळ वाचायचं आणि दुसऱ्याने नवीन बघायचं. मूळ फाइल डिलीट करू नका, तिची एक पीडीएफही काढून ठेवा कारण तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तेवढीच वाचता येईल. आणि पुढे कुणाला मराठी मजकूर पाठवताना पीडीएफसोबत वर्डची फाइल पण जोडा, मराठी पीडीएफमधून कॉपी करताना काना मात्रा बऱ्याचदा इकडे तिकडे होतात आणि समोरच्याला सगळं परत टाइप करत बसावं लागतं.