माउस आधी ड्रॉवरमध्ये टाका: साइट लाइव्ह करण्याआधीची तयारी

ही यादी मी एका देवस्थानाच्या साइटवर तोंडघशी पडल्यानंतर स्वतःसाठी लिहून काढली होती. देवस्थान कुठलं ते विचारू नका, गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूचं एवढं पुरे, आणि चूक त्यांची नाही, माझी. अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासाच्या, खोल्या ऑनलाइन बुक करायची सोय करून दिली होती. जत्रेच्या पंधरा दिवस आधी सावंतवाडीहून एका निवृत्त मास्तरांचा फोन. त्यांना अजिबात दिसत नाही, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, लावून सगळं स्वतःचं स्वतः करतात. "अहो, मी टॅब मारतोय, नाव येतं, फोन नंबर येतो, आणि मग एकदम 'पैसे भरा'. तारीख कुठे टाकायची?" मी म्हटलं, सर, मधे मोठं कॅलेंडर आहे बघा. बोललो आणि जीभ चावली. ते छान रंगीत कॅलेंडर मी नुसत्या डिव्हवर, म्हणजे एचटीएमएलच्या साध्या रिकाम्या चौकोनावर, क्लिक लावून बनवलं होतं, टॅबला त्याचा पत्ताच नव्हता, म्हणजे कीबोर्डवाल्यासाठी ते पानावर नव्हतंच. शेवटी कारकुनाने त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं. साइटीचे पैसे मी घेतले होते आणि काम वहीने केलं.

तर पहिली गोष्ट, माउस काढा. खरंच काढा, वायर उपटा, लॅपटॉप असेल तर टचपॅड बंद करा, आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप आणि बाणांच्या बटणांवर अख्खी एक खोली बुक करून दाखवा. नुसतं होमपेजवर चार टॅब मारून "होतंय की" म्हणू नका, मी तेच केलं होतं. जिथे क्लिक आहे तिथे बटन टॅग, जिथे दुसऱ्या पानावर जायचंय तिथे लिंक, डिव्हला बटणाचे कपडे घालू नका. तारखेसाठी ब्राउझरचाच डेट इनपुट वापरा, दिसायला साधा असतो पण चालतो. आणि फोकस, म्हणजे टॅब मारत आपण पोचलोय ती जागा, कुठे आहे ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. डिझायनर लोकांना ती निळी चौकट आवडत नाही म्हणून सीएसएसमध्ये आउटलाइन नन करून ती घालवून टाकतात, मग टॅब मारणारा माणूस अंधारात चाचपडतो. चौकट आवडत नसेल तर दुसरी जाड आखा, पण आखाच.

पॉपअप. चवथीच्या शुभेच्छांचा पॉपअप सगळ्यांना हवाच असतो. तो एस्केपने बंद झाला पाहिजे, उघडा असताना फोकस मागच्या पानावर पळता कामा नये आणि बंद झाल्यावर होता तिथे परत आला पाहिजे. हेही माउसशिवायच बघायचं.

मॅकवाल्यांनो, एक सूचना. सफारीत टॅब मारला की लिंकांवर फोकस जात नाही, ती सेटिंग मुळात बंदच असते, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन चालू करावी लागते. मी एक अख्खी संध्याकाळ माझा कोड मोडलाय समजून शोधत बसलो होतो.

फोटोंना ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे त्याचं वर्णन), फॉर्मच्या खान्यांना लेबल, हेडिंग क्रमाने, हे माहीत असतं सगळ्यांना. फक्त प्लेसहोल्डर, खान्यातला तो फिकट मजकूर, म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की तो गायब होतो.

आता मराठीचं, कारण हे परदेशी ट्युटोरियलमध्ये मिळत नाही. रेडीमेड टेम्पलेट घेतली की वर लँग, म्हणजे पानाची भाषा सांगणारी खूण, इंग्रजी असतं ते तसंच राहतं. मराठी पानाला एमआर लावा, कोकणी पानाला केओके, दोन्ही एकाच पानावर असतील तर त्या त्या परिच्छेदाला वेगळं, नाहीतर स्क्रीन रीडर कुठल्या आवाजात वाचायचं ते ठरवणार कसं? समिती तुम्हाला जत्रेचा कार्यक्रम छापखान्यातून आलेल्या जुन्या फॉन्टमध्ये देईल, तुमच्या मशीनवर तो फॉन्ट असल्यामुळे वाचता येईल, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, स्क्रीन रीडर तेच वाचतो आणि बिचाऱ्याला पालखीच्या वेळेऐवजी कचरा ऐकू येतो. युनिकोडमध्ये परत टाइप करा. कंटाळा येतो, करा. पत्रिकेचा जेपीजी चिकटवून मोकळं होऊ नका. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषेचे तुकडे होतात. लाइन-हाइट कमी ठेवलीत तर रफार आणि उकार छाटले जातात. आणि नावाच्या खान्यात फक्त ए ते झेड चालेल असा रेजेक्स (अक्षरं तपासणारा नियम) असेल तर आधी तो उडवा, गोव्यातल्या देवळाच्या साइटवर माणसाने स्वतःचं नाव देवनागरीत लिहिलं तर "चुकीचं नाव" म्हणून लाल होणं बरं दिसत नाही. लाल होताना नुसता रंगही नको, काय चुकलं ते शब्दांत लिहा, सगळ्यांना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही.

रंगांवरून आठवलं. डब्ल्यूसीएजी, म्हणजे सगळ्यांना वापरता येतील अशा साइटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे, साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. आपला लाडका भगवा, रंगाचा कोड एफएफ९९३३, पांढऱ्यावर २.१ च्या आसपास येतो, म्हणजे नापास. समितीला भगवाच हवा असतो. बी३४७०० सारखा गडद घ्या, साडेपाचच्या आसपास जातो, अध्यक्षांना फरक कळत नाही. खजिनदार "एका माणसासाठी एवढं कशाला" म्हणाले तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगा, २०२३ पासून पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट होतो तेही सांगा, तरी नाही पटलं तर त्यांचाच चष्मा काढून साइट दाखवा.

ब्राउझर. इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केला, त्याचं ओझं आता नाही. त्यांचाच एज २०२० पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, आहे, त्यामुळे क्रोम चाललं की बहुतेक तोही चालतो. पण फायरफॉक्स आणि सफारी वेगळे आहेत, आणि आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकला तरी आत सफारीचंच इंजिन असतं, तेव्हा "माझ्या क्रोमवर चालतंय" हे उत्तर नाही. जुन्या सफारीत तारीख आणि वेळेच्या मधे नुसती स्पेस ठेवली की जावास्क्रिप्ट इनव्हॅलिड डेट म्हणतं, मधे इंग्रजी टी घाला. डेट इनपुट मॅकच्या सफारीत २०२१ मध्ये आला, त्याआधीच्या मशीनवर तो साधा खाना दिसतो, म्हणून बाजूला "दिनांक असा लिहा" हे उदाहरणासकट असू द्या आणि सर्व्हरवर परत तपासा. उंची १०० व्हीएच, म्हणजे पडद्याएवढी, दिलेल्या पानावर आयफोनमध्ये खालचं बटन टूलबारमागे जातं.

झूम अडवू नका, म्हाताऱ्या माणसांना लागतो. २०० टक्क्यांवर एकदा बघून घ्या. ओटीपीच्या पानाला वेळेची मर्यादा असेल तर वाढवून मागता आली पाहिजे, ऐकून ऐकून टाइप करणाऱ्याला वेळ लागतो. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा नकोच. पावसात इथे रेंजचं काय होतं ते माहीत आहे, देवळाचे आठ एमबीचे फोटो बारीक करा. दिव्यांगांच्या सोयीसाठी म्हणून कोपऱ्यात चिकटवायची ती रेडीमेड अ‍ॅक्सेसिबिलिटी बटणं घेऊ नका, कॅलेंडर डिव्हचं असेल तर त्याने काही होत नाही.

एनव्हीडीए फुकट आहे, अँड्रॉइडवर तसाच टॉकबॅक असतोच, दोन्ही लावून एकदा ऐका. जमलं तर वापरणाऱ्या माणसाला पैसे देऊन बसवा, मास्तरांना मी आता दर वेळी फोन करतो, ते चुका काढायला फार उत्सुक असतात.

लाइव्ह झाल्यावर परत एकदा, माउस न लावता, एक खोली बुक करा आणि रद्द करा. पैसे परत येतात का तेही बघा.