अचानक समोर काही आलं तर स्टेअरिंग कसं आणि किती फिरवायचं

रात्री हायवेला कुत्रं आडवं येतं, नाहीतर टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली एकदम समोर दिसते, आणि बरेच जण घाबरून पहिलं स्टेअरिंगच खसकन ओढतात, तिथेच गाडी डिव्हायडरवर जाते नाहीतर पलटी होते. म्हणून आधी सरळ रेषेत जोरात ब्रेक आणि मगच स्टेअरिंग. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ४० वर आली की ११, त्यामुळे वळवायच्या आधी जेवढा स्पीड कमी कराल तेवढी गाडी हातात राहते.

एप्रिल २०१९ पासूनच्या नवीन कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक (जाम) होऊ न देणारी सिस्टीम, असतंच. पूर्ण ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थडथडतं, आवाज पण येतो, आणि लोकांना वाटतं काहीतरी तुटलं म्हणून पाय उचलतात. उचलू नका!! तसाच दाबून धरा आणि सोबत स्टेअरिंग वळवा, गाडी वळते. जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीत मात्र चाकं लॉक झाली की स्टेअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच घसरत जाते, तिथे ब्रेक थोडा सोडायचा आणि मग वळवायचं.

हात घड्याळात पावणेतीन वाजल्यासारखे दोन्ही बाजूंना ठेवा. एका हाताने चालवत असाल तर ऐनवेळी एकतर कमी फिरतं नाहीतर जास्त. आणि नजर ट्रॉलीवर नाही, शेजारच्या मोकळ्या जागेवर, कारण जिकडे बघतो तिकडेच हात जातात. वळवल्यावर लगेच उलटं फिरवून गाडी सरळ करायची, हे पण हळूच.

गाय-म्हैस चालत असेल तर शक्यतो शेपटीच्या बाजूने काढा, ती पुढेच जाते बहुतेक वेळा. कुत्र्यासाठी मात्र ब्रेक मारा, हॉर्न द्या, पण लेन सोडू नका, वाईट वाटतं मान्य आहे पण शेजारी बाइकवर कुटुंब असू शकतं. खड्डा चुकवता येत नसेल तर आधी ब्रेक मारून घ्या आणि चाक खड्ड्यात जायच्या जरा आधी सोडा, नाहीतर सस्पेन्शन दबलेलं असताना फटका बसतो.

साइडपट्टीवर चाक उतरलं तर तर खूपच जपून, डांबराची कडा उंच असते, झटक्यात वर घेतलं की गाडी थेट समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. अॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, स्पीड पडू द्या, मागचं बघा आणि मग हळू वर घ्या.

एखाद्या मोकळ्या ग्राउंडवर ४० ला पूर्ण ब्रेक मारून वळवायची प्रॅक्टिस करून बघा, घरात जे जे गाडी चालवतात त्यांच्याकडून पण करून घ्या.