प्ले स्टोअरच्या बाहेरचं अ‍ॅप फोनवर कसं टाकायचं, आणि कुठलं टाकायचं नाही

अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरला न विचारताही अ‍ॅप टाकता येतं. त्यात बेकायदा काही नाही. त्यासाठी फोन ‘रूट’ करावा (म्हणजे त्याच्या सिस्टिमचे सगळे अधिकार हातात घ्यावे) लागत नाही, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेऊन कुणाच्या हातात द्यावा लागत नाही. तिथे काउंटरवर “साहेब, सगळ्याचं प्रो व्हर्जन टाकून देतो, दोनशे द्या” असं हमखास ऐकू येतं. दोनशे वाचवा. ते प्रो व्हर्जन कुणी फोडलं आणि फोडताना त्यात काय घातलं, हे त्या मुलालाही ठाऊक नसतं.

आधी एकच कसोटी लक्षात ठेवा: हे अ‍ॅप आपण शोधत गेलो, की ते आपल्याला शोधत आलं? आपण शोधत गेलो असू तर पुढच्या पायऱ्या वाचा. ते शोधत आलं असेल तर वाचण्याचीही गरज नाही, डिलीट करा.

शोधत येणाऱ्यांचे प्रकार मुंबईत आता पाठ झालेत. गॅसचं बिल थकलंय, आज रात्री पुरवठा बंद होईल. गाडीचं ई-चलान आलंय. लग्नाला यायचं हं, पत्रिका सोबत जोडली आहे. सोबत जोडलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. एपीके म्हणजे अँड्रॉइडच्या अ‍ॅपची फाइल, म्हणजे ती पत्रिकाही नाही आणि चलानही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर ती चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या नंबरवरून आलेली असते, म्हणून लोक बिनधास्त दाबतात. काकांनी ती पाठवलेलीच नसते. त्यांनी काल दाबलेल्या फाइलने आज त्यांच्या फोनवरून सगळ्यांना पाठवलेली असते. दंड खरंच झालाय का ते पाहायचं असेल तर महाट्रॅफिक ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दिसतं. त्यासाठी कुणाची फाइल उघडावी लागत नाही.

सुरुवात एफ-ड्रॉइडपासून

बाहेरून पहिलं काही टाकायचं तर ते एफ-ड्रॉइड असावं, असं माझं मत. २०१० पासून चालू असलेलं हे अ‍ॅपचं भांडार स्वयंसेवक चालवतात. इथे फक्त मुक्त सॉफ्टवेअर मिळतं, म्हणजे ज्याचा सोर्स कोड, अ‍ॅप ज्यातून बनतं तो मूळ मजकूर, कुणालाही वाचता येतो. अ‍ॅप बनवणाऱ्याने दिलेली तयार फाइल ते सहसा घेत नाहीत; सोर्स कोडवरून स्वतः बांधून घेतात. खातं उघडायचं नाही, मोबाइल नंबर द्यायचा नाही. एखादं अ‍ॅप जाहिरात दाखवत असेल किंवा माग ठेवत असेल तर त्याच्या पानावर तसं लिहिलेलं असतं.

पायरी १. फोनच्या ब्राउझरमध्ये ‘एफ-ड्रॉइड डॉट ओआरजी’ हा पत्ता स्वतः टाइप करा. गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. सारख्या नावाच्या साइट असतात. पानावर डाउनलोडचं मोठं बटण आहे.

पायरी २. ‘ही फाइल हानिकारक असू शकते’ असा इशारा येईल. बाहेरच्या कुठल्याही एपीकेला ब्राउझर हेच म्हणतो, त्याने आत डोकावून पाहिलेलं नसतं. तरीही डाउनलोड करा.

पायरी ३. फाइल उघडली की फोन अडवेल: या स्रोतावरून अ‍ॅप टाकायला परवानगी नाही. तिथेच सेटिंग्जचं बटण असतं. ते दाबून त्या ब्राउझरपुरती परवानगी चालू करा, मागे या, इन्स्टॉल दाबा. पूर्वी ‘अज्ञात स्रोत’ असं एकच बटण होतं, ते चालू केलं की सगळी दारं उघडी. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी अ‍ॅपनिहाय झाली. म्हणजे ब्राउझरला दिली तरी व्हॉट्सअ‍ॅपला मिळत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपला ती कधीच द्यायची नाही.

पायरी ४. काम झालं की ब्राउझरची परवानगी परत काढून घ्या. ही पायरी सगळे विसरतात. सेटिंग्जमध्ये ‘स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस’ शोधा, त्यात ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ अशी यादी मिळेल. आजच ती उघडून पाहा. व्हॉट्सअ‍ॅप, फाइल मॅनेजर, ब्ल्यूटूथ यांच्यासमोर ‘अलाउड’ दिसलं तर बंद करा. पुढे या यादीत एकटं एफ-ड्रॉइड चालू असलं की पुरे.

सॅमसंगचा नवा फोन असेल तर तिसऱ्या पायरीवरच गाडी अडेल, कारण त्यात ‘ऑटो ब्लॉकर’ नावाचं कुलूप असतं. ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मध्ये जाऊन ते तात्पुरतं बंद करा. इतर काही कंपन्यांचे फोन पासवर्ड मागतात, तर काही इशाऱ्यामागून इशारे दाखवतात. त्याला कंटाळून पुढच्या वेळी न वाचताच ‘ओके’ दाबायची सवय लागते, हा त्या इशाऱ्यांचा खरा तोटा.

आता टाकायचं काय

माझ्या मते सगळ्यांत आधी कीबोर्ड बदलावा. आपण जे काही टाइप करतो, बायकोला पाठवलेल्या निरोपापासून बँकेच्या पासवर्डपर्यंत, ते कीबोर्डच्या हातून जातं. एफ-ड्रॉइडवर ‘हेलीबोर्ड’ म्हणून कीबोर्ड आहे, त्यात मराठीचा लेआउट आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की हे अ‍ॅप इंटरनेटची परवानगीच मागत नाही. बाहेर काही पाठवायची त्याची इच्छा असली तरी रस्ता नाही. फोन मात्र तो चालू करताना घाबरवतोच, ‘हा कीबोर्ड तुमचा मजकूर गोळा करू शकतो’ म्हणून. बाहेरचा कुठलाही कीबोर्ड असो, हे वाक्य ठरलेलं. गैरसोयही सांगतो: इंग्रजी अक्षरांत ‘एमआय जीएचएआरआय’ लिहून ‘मी घरी’ उमटवायची सवय असेल तर ती सोय इथे नाही, देवनागरी कळा शिकाव्या लागतील.

दुसरं अ‍ॅप नकाशाचं, ‘ओस्मअँड’. महाराष्ट्राचा नकाशा एकदा वायफायवर उतरवून घेतला की नेटवर्कशिवाय चालतो. भुयारी मेट्रोतून वर आल्यावर नेटवर्क यायची वाट पाहत थांबणाऱ्यांना याची किंमत कळेल. प्ले स्टोअरवरच्या त्याच्या फुकट आवृत्तीत नकाशे उतरवायला संख्येची मर्यादा आहे, पुढचे हवे तर पैसे भरा. एफ-ड्रॉइडवरच्या आवृत्तीत ती मर्यादा नाही. जमलं तर बनवणाऱ्यांना देणगी द्या.

एक अडचण इथे बहुतेकांना येते. एखादं अ‍ॅप आधी प्ले स्टोअरवरून घेतलेलं असतं, मग तेच एफ-ड्रॉइडवरून टाकायला जावं तर फोन ठाम नकार देतो. फोन बिघडलेला नसतो. प्रत्येक एपीकेवर ती बांधणाऱ्याची डिजिटल सही असते, आणि जुन्या अ‍ॅपवर वेगळ्या सहीची आवृत्ती अँड्रॉइड बसू देत नाही. एफ-ड्रॉइडने बांधलेल्या अ‍ॅपवर बहुतेकदा एफ-ड्रॉइडची सही असते. अशा वेळी जुन्या अ‍ॅपमधला डेटा आधी बाहेर काढून ठेवा, ते काढून टाका, मग नवं टाका. हाच नियम आपला राखणदारही आहे: उद्या कुणी तुमच्या अ‍ॅपचं बनावट ‘अपडेट’ पाठवलं तर सही न जुळल्यामुळे ते बसणार नाही.

फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेलं ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’ही याच पायऱ्यांनी टाकता येतं. ते मराठीसह १२ भारतीय भाषांत आहे. पण ते मुक्त सॉफ्टवेअरचं भांडार नव्हे, प्ले स्टोअरसारखंच आणखी एक दुकान. दुकानं दोन असलेली बरी, एवढंच.

परवानग्या: इथे घाई नको

अ‍ॅप बसवल्याने नुकसान होतंच असं नाही. खरं नुकसान त्यानंतरच्या परवानग्यांनी होतं. तीन ठिकाणी हात थांबला पाहिजे: एसएमएस वाचणे, नोटिफिकेशन वाचणे आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी. पहिल्या दोन्हींतून ओटीपी जातो. तिसरी दिली की ते अ‍ॅप पडद्यावरचं सगळं वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. ही सोय खरं तर अंध आणि अपंग वापरकर्त्यांसाठी आहे. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी सहजासहजी मिळत नाही, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ म्हणून अडवलं जातं. ब्राउझर, मेसेज किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं अ‍ॅप यांपैकी काही मागत असेल तर प्ले प्रोटेक्टने, म्हणजे फोनमधली अ‍ॅप तपासणाऱ्या गूगलच्या राखणदाराने, ते परस्पर रोखावं, असा प्रयोग गूगलने २०२४ मध्ये भारतासाठी जाहीर केला. तेव्हा फोनवरून कुणी गोड आवाजात “मॅडम, ते प्ले प्रोटेक्ट जरा बंद करा ना” म्हणालं, तर फोन ठेवून द्या. बाहेरचं अ‍ॅप टाकायला प्ले प्रोटेक्ट बंद करावं लागत नाही.

चुकून दाबलंच, तर क्रम असा. आधी एअरप्लेन मोड. मग पॉवरचं बटण धरून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवा, बहुतेक फोनवर सेफ मोड विचारला जातो. सेफ मोडमध्ये बाहेरची अ‍ॅप चालत नाहीत, त्यामुळे एरवी स्वतःला काढू न देणारं अ‍ॅपही निघतं. निघालं नाही तर त्याला ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’, म्हणजे फोनचा व्यवस्थापक, केलंय का ते पाहून आधी तो अधिकार काढा. दरम्यान दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते. शेवटी कॉल फॉरवर्डिंग तपासा. ##००२# डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

बँकांबद्दल थोडं. माझ्या एका बँकेचं अ‍ॅप डेव्हलपर ऑप्शन (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या, एरवी लपवलेल्या सेटिंग्ज) चालू दिसले की उघडतच नाही. कारण विचारलं तर कस्टमर केअरवरचं उत्तर: “सर, फोन फॉरमॅट करून बघा.” फोन माझा, खातं माझं, आणि माझ्या फोनचं कुठलं बटण चालू असावं हे ते ठरवणार. वरच्या पायऱ्यांना डेव्हलपर ऑप्शन लागत नाहीत, म्हणून सहसा हा प्रश्न येणार नाही. आलाच तर ते बंद करा, बँकेचं अ‍ॅप उघडेल.

आयफोनवाल्यांसाठी

फारसं काही नाही. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्यामुळे अ‍ॅपलला मार्च २०२४ पासून बाहेरची स्टोअर येऊ द्यावी लागली. भारतात तसा कायदा नाही. फुकट डेव्हलपर खात्यावरून स्वतःच्या आयफोनवर अ‍ॅप टाकता येतं, पण ते सात दिवसांनी बंद पडतं आणि पुन्हा टाकावं लागतं.

ही मोकळीक किती दिवस?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हा बाहेरून अ‍ॅप टाकण्यात आडकाठी करू नये असाही आदेश दिला होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, हा आदेश मात्र रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणारं प्रत्येक अ‍ॅप, मग ते कुठूनही येवो, ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच असलं पाहिजे. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून, बाकीच्या देशांत २०२७ पासून पुढे. ओरड झाल्यावर अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. एफ-ड्रॉइडचं म्हणणं, या नियमाने आमचं भांडार आजच्या स्वरूपात टिकणारच नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्या अ‍ॅपची नोंदणी आम्ही आमच्या नावावर कशी करायची?

गूगलचा युक्तिवाद अगदीच हवेतला नाही. प्ले स्टोअरच्या तुलनेत इंटरनेटवरून आलेल्या अ‍ॅपमध्ये पन्नासपटीहून जास्त मालवेअर सापडतं, असं त्यांचं म्हणणं आहे. पण दुसऱ्याच्या कागदांवर सिम आणि भाड्याची बँक खाती सर्रास मिळवणाऱ्या टोळ्यांना ओळखपत्राची अट किती अडवेल? अडेल तो फावल्या वेळात एखादं उपयोगी अ‍ॅप लिहून फुकट वाटणारा मुलगा. मी कुणाचं ऐकून अ‍ॅप टाकावं हे मला ठरवू द्या, आणि चुकीचं टाकलं तर एसएमएसपर्यंत त्याचा हात पोचू देऊ नका, इतकंच मागणं आहे.

एक वाट मात्र उघडी राहील असं गूगलनेच सांगितलंय: कॉम्प्युटरवरून ‘एडीबी’ने, म्हणजे केबलने जोडलेल्या फोनला आज्ञा देणाऱ्या गूगलच्या साधनाने, टाकायची. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन उघडतील, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. लॅपटॉपवर गूगलचं ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ उतरवा, फोन जोडा, फोनवर आलेली परवानगी द्या आणि ‘एडीबी इन्स्टॉल’ ही आज्ञा इंग्रजीत लिहून पुढे फाइलचं नाव द्या. झालं की डीबगिंग आणि डेव्हलपर ऑप्शन दोन्ही बंद करा, बँकेचं अ‍ॅप रुसायला नको. लॅपटॉपला फोन दिसलाच नाही तर आधी केबल बदलून पाहा. लोकलमध्ये विकत घेतलेल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या निघतात.