टेबलावरचा उपग्रह: फ्लॅटसॅट कसा जोडावा

क्यूबसॅट, म्हणजे १० सेंटिमीटरच्या घनाएवढा छोटा उपग्रह, म्हटलं की विद्यार्थी आधी त्याची पेटी काढायला बसतात. ते शेवटी करा. बोर्ड एकावर एक रचले की एक कच्चा जोड शोधायला सगळं उसकटावं लागतं. म्हणून सगळे बोर्ड आधी टेबलावर सुटे मांडून जोडायचे. यालाच फ्लॅटसॅट म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे जमतं.

सोल्डरिंगआधी विजेचा हिशेब मांडा. पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊन मिळतं. एका बाजूवर ६० चौरस सेंटिमीटर सौर सेल आणि ३० टक्के कार्यक्षमता धरली, तर समोरून ऊन पडतानाही हाती येतात जेमतेम २.४ वॅट. ५०० किलोमीटर उंचीवर एक फेरी साधारण ९५ मिनिटांची, त्यात ३५ मिनिटांपर्यंत सावली. सहाही बाजूंना सौर सेल असलेला, गिरक्या घेणारा उपग्रह तोटा वजा जाता सरासरी १.८ वॅट कमावतो. खर्च १.२ वॅटच्या आत ठेवा. ३ वॅट ओढणारा रेडिओ सतत बोलत राहिला तर हे गणित बसतच नाही. दर १० सेकंदांत १ सेकंद बोलला तर ०.३ वॅटमध्ये भागतं. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा १ किलोच्या आतला ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून गेला. त्यात दिशा धरायला कायमचे चुंबक वापरले होते, आणि अशा चुंबकाला वीज लागत नाही.

सामान: एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, १८६५० मापाचा एक चांगला लिथियम सेल, टीपी४०५६ चार्जर, प्रवाह मोजायला आयएनए२१९, एसडी कार्ड, तापमान मोजायला १० किलोओहमचा थर्मिस्टर आणि एसएक्स१२७६ लोरा (कमी विजेत लांब पोचणारा) रेडिओ. रेडिओ ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्येच चालवा. कमी शक्तीच्या उपकरणांना तिथे परवाना लागत नाही. अँटेना म्हणून ८.२ सेंटिमीटरची सरळ तार पुरते. अँटेना न लावता प्रक्षेपण करू नका, रेडिओचा ॲम्प्लिफायर जळू शकतो.

सेलचं व्होल्टेज ३.३ वर स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरवर बरेच गट अडकतात. स्वस्तात मिळणारा एएमएस१११७ स्वतःच व्होल्टभर खातो, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या सेलवर तो पुरा पडत नाही. एपी२११२ घ्या. तरीही रेडिओ बोलताक्षणी बोर्ड रिसेट होत असेल, तर रेडिओच्या पिनांना अगदी लागून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आयटूसी लाइन (सेन्सर आणि बोर्ड जोडणाऱ्या डेटा व घड्याळाच्या दोन तारा) अडकली, म्हणजे एखाद्या सेन्सरने डेटाची तार खाली दाबून धरली, तर घड्याळाच्या तारेवर ९ स्पंद द्या. त्यानेही न सुटल्यास त्या सेन्सरची वीज मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडून पुन्हा द्या. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर बोर्ड आपोआप रिसेट करणारा टायमर, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

आता खान्देशातली खास काळजी. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठतानाही अंगावर स्थिर वीज साठते आणि चिप आतून दुखावते. ती लगेच मरत नाही, आठवड्याने दगा देते, म्हणून कारण सापडत नाही. १ मेगाओहमचा रोध असलेला मनगटी पट्टा अर्थिंगला जोडूनच काम करा. दुसरी काळजी सेलची. लिथियम सेल सहसा ४५ अंशांपुढे चार्ज करायचा नसतो, आणि मे महिन्यात इथे सावलीतला पाराच तिथे पोचतो. टीपी४०५६ च्या बहुतेक तयार बोर्डांवर तापमानाची पिन ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे संरक्षण बंदच. थर्मिस्टर सेलला चिकटवा आणि ४५ अंशांवर मॉसफेटने चार्जरची वीज तोडा.

मग फेरीची नक्कल: चार्जरची वीज टायमरने ६० मिनिटं चालू, ३५ मिनिटं बंद, सलग ७ दिवस. पंखा लावू नका. अवकाशात हवा नाही, उष्णता फक्त धातूतून वाहून किंवा प्रारणाने जाते. दर मिनिटाला व्होल्टेज, प्रवाह, सेलचं तापमान आणि रिसेटची संख्या कार्डावर लिहा, आणि प्रत्येक नोंदीनंतर फाइल बंद करा, नाहीतर वीज जाताच ती बिघडते. रिसेटचा आकडा वाढला तर कारण शोधा आणि ७ दिवस पुन्हा मोजा. तो शून्यावर राहिला की मगच सांगाड्याची मापं काढायला घ्या.