लोकल चॅनेलचा मालक कोण होता, हे कसं शोधायचं

सतरा वर्षं मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका केबल चॅनेलवर कॅमेरा चालवला. तेवढ्यात मालक तीन झाले, पडद्यावरचं नाव मात्र तेच राहिलं. म्हणून आपल्या भागातल्या चॅनेलचा इतिहास लिहायला बसलेल्याला मी आधी सांगतो, नावामागे धावू नका. लाइन म्हणजे घरोघरी गेलेलं केबलचं जाळं कुणाचं, कंट्रोल रूम कुणाची आणि बातम्यांचा वेळ कुणी घेतला होता, हे तीन प्रश्न वेगळे धरा.

सुरुवात लाइनपासून करा. १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे केबलवाल्याला हेड पोस्ट ऑफिसात नोंदणी करावी लागे आणि दर बारा महिन्यांनी ती नवी करून घ्यावी लागे. जुन्या केबलवाल्याच्या घरी ही प्रमाणपत्रं एखाद्या फायलीत असतात. ती वर्षवार लावा. नाव बदललं की त्याच सुमारास लाइन विकली गेली असं समजा. मधलं एखादं वर्ष सापडत नसेल तर टपाल खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. दुसरा माग करमणूक कराच्या चलनांचा. २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत हा कर कलेक्टर कचेरीत भरला जाई. चलनावरच्या जोडण्यांच्या आकड्यावर विसंबू नका, नाव तेवढं टिपून घ्या.

वर्तमानपत्राचं सोपं आहे. दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला फॉर्म ४ छापून मालकाचं नाव सांगावं लागे. चॅनेलला असं काही छापावं लागत नव्हतं, म्हणून ही खटपट.

चॅनेल कंपनीच्या नावावर गेलं असेल तर बिलावर किंवा लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक शोधा. एकवीस अक्षर-अंकांचा तो क्रमांक बरंच काही सांगतो. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र आणि त्यापुढचे चार अंक म्हणजे कंपनी स्थापनेचं वर्ष. मग कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर थोडी फी भरून वार्षिक विवरणपत्रं बघा. संचालकांच्या यादीवर थांबू नका, भागधारकांची यादी काढा. आमच्याकडे संचालक बदलले तेव्हा मालक तोच होता आणि मालक बदलला तेव्हा संचालक तेच होते.

३१ मार्च २०१३ या तारखेच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं लिहा. पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा करण्याची ती मुदत. त्याआधी गल्लीतल्या कंट्रोल रूममध्ये व्हीसीआर आणि त्याचं चित्र केबलवर चढवणारा मॉड्युलेटर जोडला की चॅनेल सुरू व्हायचं. नंतर सगळं मोठ्या केबल कंपनीच्या हेडएंडवरून, म्हणजे सगळे चॅनेल एकत्र करून पुढे सोडणाऱ्या केंद्रावरून येऊ लागलं, आणि चॅनेल दिसायचं की नाही ते तिथे ठरू लागलं. कागदावर मालक तोच राहिला तरी सत्ता हलली, आणि ही गोष्ट कुठल्याच प्रमाणपत्रात सापडत नाही. ती माणसांना विचारावी लागते.

लाइनमनला, कॅमेरामनला ‘मालक कोण होता’ असं विचारू नका. ‘पगार कुणाच्या हातून घ्यायचास?’ असं विचारा. आणि ‘विसर्जन मिरवणुकीच्या जाहिरातींचे पैसे कुणाकडे जमा व्हायचे?’ हे तर विचाराच. वर्षातली मोठी कमाई त्या एका रात्रीची. या दोन प्रश्नांवर माणसं मोकळी बोलतात.

शेवटी कॅसेटी. आमच्या तिसऱ्या मालकानं खोली रिकामी करताना दोन पोती व्हीएचएस भंगारात घातली. मी अकरा उचलल्या, बाकीच्यांची हळहळ अजून जात नाही. तुम्हाला सापडल्या तर आधी कॅसेटच्याच पारदर्शक खिडकीतून आतली टेप बघा. पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, डिजिटल करणाऱ्याकडे द्या. मग कडेवरची स्टिकरं बघा. एकावर एक चिकटवलेली असतात. प्रत्येक थराचा फोटो काढा, मगच तो ब्लेडनं कोपऱ्यातून सावकाश उचला. माझ्या ‘विसर्जन ९८, अलका चौक’ या कॅसेटवर वर नव्या कंपनीचं छापील नाव होतं, त्याखाली एका सराफाची जाहिरात आणि तळाशी निळ्या शाईत पहिल्या मालकाचं अक्षर, ‘माझी प्रत, परत आणणे’.